द्रोण आणि लाट

वडिलांच्या वर्षश्राद्धाला आम्ही गावामागच्या लहानशा तळ्यात झेंडूच्या फुलांचा द्रोण सोडला. वारा पडलेला होता. द्रोण हातभर गेला आणि थांबला. आई पायरीवर वाकली आणि तळव्याने पाणी पुढे लोटू लागली. "जा हो आता. आमची काळजी करू नका."

द्रोण जागच्या जागी वर झाला, खाली आला. लाट त्याच्या खालून निघून गेली.

सातवीच्या वर्गात मी दरवर्षी हेच शिकवते. दोरीच्या मधोमध लाल रिबन बांधायची आणि एक टोक झटकायचं. लाट दुसऱ्या टोकाला पोचते, रिबन तिथल्या तिथे नाचते. लाट पाणी नेत नाही, फक्त हलवणाऱ्याचा जोर पुढे नेते. मुलं वहीत लिहून घेतात. आईलाही सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. पण तिचा हात थांबत नव्हता, आणि त्याला थांबवणारी मी कोण?

मग मी समोर पाहिलं. पलीकडच्या काठाला, निवांत पाण्यात उभं असलेलं लव्हाळं हललं. द्रोण अजून आमच्यापाशीच होता. आईचा हात मात्र पैलतीराला पोचला होता.