काचा बोटभर उघड्या

नवऱ्यानं निवृत्तीनंतर स्पोर्ट्स कार घेतली, आणि तीही लोणावळ्यातून. ज्या गावात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, तिथल्या एका बंगल्यात मुंबईच्या मालकानं ती सगळा पावसाळा काचा लावून बंद ठेवली होती. मालक सुटला, आम्ही अडकलो. लाल रंग, दोनच दारं, आणि छप्पर इतकं बुटकं की आत बसायचं म्हणजे आधी वाकायचं आणि मग अंग सोडून द्यायचं. नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग बनवले, आता एक स्वतःसाठी हवी, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, घ्या, पण मान वळवता येईल अशी घ्या. तोवर सौदा झाला होता.

सोमाटण्याला आमच्या दारात आणल्यावर आठवड्याभरात गाडीचा वास घरात यायला लागला. काळ्या कातडी सीटवर पांढरी बुरशी पुसली की परत यायची. गॅरेजवाल्यानं सांगितलं, काचा बोटभर खाली ठेवा, आत हवा खेळली पाहिजे. सल्ला चांगला होता, फक्त तो मावळात द्यायचा नव्हता. आमच्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि त्याला बोटभर फट पुष्कळ होते. काचा लावल्या तर बुरशी, उघड्या ठेवल्या तर आत डबकं. शहाण्या माणसानं अशी वस्तू विकून टाकली असती. माझ्या नवऱ्यानं तिच्यावर संशोधन सुरू केलं.

आधी कव्हर आलं. त्यानं आतली ओल आतच कोंडली. मग ताडपत्री आली, तिच्या दोऱ्या पेरूच्या झाडाला, गेटला आणि माझ्या कपडे वाळत घालायच्या तारेला बांधल्या गेल्या. वारा सुटल्यावर तारही गेली. मग त्यानं प्लास्टिकचा पाइप उभा चिरला आणि काचांच्या वर पन्हळासारखा चिकटपट्टीनं लावला. तो पाइप दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बुद्धविहाराच्या आवारात सापडला. सीटवर मिठाच्या वाट्या ठेवून झाल्या. मिठाचं पाणी झालं आणि ते सीटवरच सांडलं. जेवताना जरा अंधारून आलं की नवरा हात न धुता बाहेर पळायचा. माझे गुडघे दुखतात हे त्याला परतपरत सांगावं लागतं, गाडीचं मात्र न सांगता कळायचं. मला याचा राग यायचा, आणि तो मी लपवलाही नाही.

अशात भाच्याचा मोबाइल बादलीत पडला. तांदळात पुरून ठेवला आणि चालू झाला. एवढं निमित्त पुरलं. फोन वाळतो तर गाडी का वाळणार नाही, असा नवऱ्याचा हिशेब. माझ्या तांदळाच्या डब्याला मी हात लावू दिला नाही, म्हणून स्वारी बेडशाला आईकडे गेली. सासूबाई बांधावर होत्या. यानं माळ्यावर चढून एक पत्र्याचा डबा उचलला. आत भात होतं, न कांडलेलं, टरफलासकट. आईला विचारायचीही गरज त्याला वाटली नाही. जन्म बेडशातला, वाढला भातखाचरात, पण माळ्यावर वेगळ्या डब्यात भात का ठेवतात हे डोक्यात आलं नाही. ते त्यानं माझ्या उशांच्या जुन्या अभ्र्यांत भरलं, सीटखाली आणि पायाशी रचलं, काचा बोटभर खाली केल्या, आणि गाडी तशीच दारात सोडून आम्ही बसनं नाशिकला पुतणीच्या लग्नाला गेलो.

लग्नाच्या घरात चौथ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. माझ्याशीच बोलल्या. माळ्यावरचं बियाणं गेलं होतं. उंदरांनी न्यावं तर डबासुद्धा नव्हता.

ते आंबेमोहर होतं, त्यांच्या सासूच्या हातचं जुनं बी. गावात आता सगळे इंद्रायणी लावतात. सासूबाई मात्र दर वर्षी खालच्या एका तुकड्यात तेवढंच भात करत, बी मोडू नये म्हणून. दुसऱ्या कुणाकडे ते उरलं नव्हतं. त्या वर्षी पेरलं नाही तर ते संपणार होतं. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. मी त्यांचा असा आवाज सासरे गेले तेव्हाही ऐकला नव्हता. नवरा शेजारी उभा राहून मला खुणा करत होता, नंतर सांगू म्हणून. मी सांगून टाकलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "गाडीत पानी जातं का?"

मी म्हटलं, जातं.

आम्ही त्याच दुपारी निघालो. घरी पोचलो तेव्हा सासूबाई आमच्या पायरीवर बसलेल्या होत्या, बाहेर धो धो पाऊस. गाडीचं दार उघडलं तर आत गरम, आंबूस वाफ. अभ्रे फुगले होते आणि कापडाच्या विणीतून पांढरे कोंब बाहेर आले होते. नवऱ्यानं कपाळावर हात मारला, तो सीटसाठी. सासूबाईंनी अभ्र्यावर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. भात भिजवून, कापडात बांधून, उबेला ठेवून कोंब आणायचे आणि मग चिखलात फेकायचे, याला आमच्याकडे रहू म्हणतात. एवढी उस्तवार बायका जपून करतात. ती या गृहस्थानं नकळत केली होती, आणि एक दिवस जास्त केली होती. कोंब लांबले होते. ते मोडले किंवा सुकले तर सगळं गेलं.

नवरा पिशव्या बाहेर काढायला वाकला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

"हात लावू नगं. हाय तशीच गाडी ने बेडशाला."

मी मागे कशीबशी कोंबले गेले, गुडघे हनुवटीला. सासूबाई पुढे बसल्या, पाय वर घेऊन, म्हणजे खालच्या अभ्र्याला धक्का नको. गाडी हमरस्त्याला लागली तसा नवऱ्यानं काचा पूर्ण वर केल्या आणि एसी लावला. म्हणाला, सीट तेवढ्या वाळतील.

"बंद कर त्ये," सासूबाई म्हणाल्या. "काच खाली घे. पुरी खाली."

"आये, सगळं भिजंल."

"तुजी शिट वाळंल कदीबी. ह्ये वाळलं तर म्या परत कुटनं आनू?"

त्यानं दोन्ही काचा पार खाली घेतल्या. पाऊस सरळ आत आला, डॅशबोर्डवर, सीटवर, आमच्या तोंडावर. कामशेत येईपर्यंत आम्ही तिघंही चिंब होतो, आणि सासूबाई थोड्या थोड्या वेळानं पदर पिळून त्याचं पाणी अभ्र्यांवर सोडत होत्या.