सत्तावीस तास बारा मिनिटं

माझे वडील, अण्णा, गेल्यावर महिनाभराने मी त्यांच्या-माझ्या फोनची यादी एक्सेलमध्ये उतरवली. तीन वर्षांतला प्रत्येक फोन किती वेळ चालला, तेवढंच. दुपारी ऑफिसात बेरीज केली, तर उत्तर आलं तीन तास बारा मिनिटं. तीन वर्षांत एवढंच? मला धक्का बसला.

शेजारच्या टेबलावरची शुभांगी डोकावली. "मॅडम, चोवीस तास झाले की हे पुन्हा शून्यापासून मोजतं. फॉरमॅट बदला."

मला एकदम आशा वाटली. आम्ही खूप बोललो असू, मशीनच चुकलं असेल. फॉरमॅट बदलला. सत्तावीस तास बारा मिनिटं.

"बघा, अख्खा दिवस गायब होता," शुभांगी हसली. ही बेरीज कशाची, हे तिला ठाऊक नव्हतं.

बहुतेक फोन मिनिट-दोन मिनिटांचे. "कामात आहेस का?" ते विचारायचे. "बोला ना अण्णा," मी म्हणायचे, पण अशा आवाजात की ते लगेच "काही नाही, सहज केला" म्हणून फोन ठेवायचे.

एकच फोन बेचाळीस मिनिटांचा होता. तारीख पाहून आठवलं, त्या दिवशी गाडी पंक्चर झाली होती आणि मी रस्त्याकडेला मेकॅनिकची वाट बघत होते. अण्णा त्यांच्या शाळेतल्या गमती सांगत राहिले, मी ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "आज बरं झालं. तुला काही काम नव्हतं."