मगनभाऊंचं हळद-कुंकू

मगनभाऊ म्हसावदचे. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर शिपाई. काचा धुवाव्यात तर त्यांनीच. माझ्या पीएचडीतलं निम्मं पुण्य त्यांच्या खात्यावर आहे. वीज दिली की निळं उजळेल असं रसायन मी बनवते. त्याचा द्रव काचेवर टाकायचा आणि मशीननं काच गरागरा फिरवायची, की केसाहून पातळ थर बसतो. पुढेमागे असल्या थरांचे स्वस्त दिवे होतील. मगनभाऊ त्या द्रवाला ‘औषध’ म्हणतात. जन्मभर कपाशी फवारलेला माणूस, दुसरं काय म्हणणार!

दसऱ्याची सुट्टी संपली आणि माझं औषध बिघडलं. वीज देऊनही थर पेटेना. अतिनील दिव्याखाली निळ्या थरात पिवळे-हिरवे ठिपके दिसायचे. रसायन खराब झालं की असंच होतं, हे मी वाचलेलं, शहाणपणा नडला. आठ दिवस तेच. शेवटी अहवाल लिहायला बसले: पदार्थ टिकत नाही, काम बंद. तीन वर्षं पाण्यात! टेबलावर डोकं ठेवून मी चक्क रडले.

मगनभाऊ झाडता झाडता थांबले.

“ताई, खांडेनवमीले मशीनले हयद-कुकू मीच लायं. मझार, काच बसस तठे. मंग पुसी बी टाकं.”

मशीनच्या आत हळद-कुंकू, ट्रॅक्टरला लावतात तसंच! हळद अतिनील दिव्याखाली पिवळी-हिरवी चमकते, हे मला ठाऊक होतं. आणि न विचारता मशीन उघडणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवीन, ही माझ्या मार्गदर्शक सरांची तंबी मगनभाऊंना ठाऊक होती. घरात कमावते ते एकटेच.

मला आधी रागच आला. मग विचारलं, गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं असतं?

“तुम्ही तुमना औषधले खोटं म्हनी ऱ्हायनात ना, ताई. ते बिचारं खरं शे.”

आम्ही दोघांनी मशीन खोलून धुतलं, नवा थर दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तांदळाएवढा निळा ठिपका पेटला. मगनभाऊंनी हात जोडले.

सरांनी विचारलं, मशीनला काय झालं होतं? मी म्हटलं, पूजा केली होती मी. सर तासभर बोलले. विज्ञान शिकलेली पोरगी, लाज नाही वाटत? मी मान खाली घालून उभी होते. इतकी गोड बोलणी मी जन्मात खाल्ली नव्हती.