पेन्सिलीतलं पदक

आमचे दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याआधी तो माझा दोस्त होता, आणि त्याहीआधी सैन्यातल्या आमच्या युनिटमधला ट्रक ड्रायव्हर. मी त्याच युनिटचा कारकून. तेव्हा आमचं अरे-तुरे चालायचं. मग ताईसाठी हे स्थळ मीच सुचवलं, म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, आणि लग्नाच्या दिवसापासून मला त्याला 'तुम्ही' म्हणावं लागलं. तो मला अजून 'अरे बाबू'च म्हणतो. मनातल्या मनात मीही त्याला 'तो'च म्हणतो, तेवढं कोणी ऐकत नाही.

माणूस तसा साधा. उंची बेताची, पोट सपाट, सत्तरी उलटली तरी दात स्वतःचे. हे दातांचं मला जरा जास्तच खुपतं. कोणाचा नळ गळो, पंखा कुरकुरो, हा पक्कड घेऊन हजर. दुरुस्त झालं की हात पुसत म्हणणार, "काही नव्हतं, एक वॉशर गेला होता." परवा आमच्या घरचा मिक्सर बंद पडला. मी समोर खुर्चीत बसलो होतो. बायकोनं मिक्सर उचलला, पिशवीत घातला आणि त्याच्याकडे नेला. मला विचारलंसुद्धा नाही.

आणि त्याला पदक आहे. एकदा पुरात पूल हलत असताना त्यानं अकरा जखमी ट्रकमध्ये घालून पलीकडे नेले होते. तासाभरात तो पूल वाहून गेला. हा स्वतः कधी सांगत नाही. कोणी खोदून विचारलं तर म्हणतो, "ब्रेक धड नव्हते, थांबवता आला नाही." लोक हसतात आणि त्याच्यावर आणखी जीव टाकतात. त्या पदकाची शिफारस मी टाईप केली होती. साहेबांनी दोन ओळी खरडून दिल्या होत्या, मी त्यांचं दीड पान केलं. धाडस त्याचं, पण विशेषणं सगळी माझी. पदक त्याच्या छातीवर लागलं, आणि मला साहेब म्हणाले, "मार्जिन छान सोडलंय."

मला पदक नाही. माझ्या डिस्चार्जच्या पुस्तकात पदकांचा रकाना कोरा आहे. पण शेवटच्या पानावर साहेबांच्या हातचा शेरा आहे: 'यांच्या नोंदींत आजवर एकही चूक आढळली नाही.' त्याची झेरॉक्स मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. आल्यागेल्याला चहा देताना कप मी मुद्दाम तिच्या जरा बाजूला ठेवतो, म्हणजे नजर जाते.

यंदा माजी सैनिकांच्या मेळाव्यात नवा नियम निघाला. जो जे पदक लावून येईल ते त्याच्या पुस्तकाशी ताडून बघायचं. दारातच एक तरुण अधिकारी टेबल टाकून बसला होता. दाजीचं पुस्तक त्यानं उघडलं, रकान्यावरून बोट फिरवलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, इथं तर काहीच नाही." मागे रांग होती. रांगेत कोणीतरी खोकलं, कोणीतरी 'नकली' म्हणालं. दाजीनं पदक काढलं, शर्टच्या खिशात टाकलं आणि आत न जाता घरी गेला.

मी रांगेत चौथा होतो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आठ दिवसांनी ताई आली. पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं. "हे बाहेरच पडत नाहीत रे. बाजारातसुद्धा मीच जाते. परवा पदक माळ्यावरच्या पेटीत टाकलं. नातवाला वाटतंय आजोबांनी विकत आणलंय. तुझ्याच हातचं पुस्तक आहे, नोंद घालायचा अर्ज तू लिहून दे."

ती चहा करायला आत गेल्यावर मी पुस्तक खिडकीशी नेलं आणि तिरकं धरलं. कागदावर खळगे होते. माझं अक्षर. मला ते दिसायच्या आधीच ठाऊक होतं.

आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. पदकाची नोंद आधी पेन्सिलीनं करायची. वरच्या ऑफिसातून पत्र आलं की त्याचा नंबर घालून तीच नोंद शाईनं गिरवायची. दाजीच्या पदकाचं पत्र वेळेवर आलं होतं. त्याच टपालानं आईचंही पत्र आलं. पान भरून लिहिलं होतं, आणि शेवटी, 'जावईबापूंचा पदक लावलेला फोटो पाठव, भिंतीला लावायचा आहे.' माझं बरं आहे का, एवढंही विचारलं नव्हतं. मी पदकाचं पत्र फाईलला लावलं, शाईच्या दौतीचं झाकण लावलं आणि म्हटलं, उद्या बघू. तो उद्या दोन महिने आला नाही. मग दाजी निवृत्त झाला. चाळीस पुस्तकांच्या गठ्ठ्यात त्याच्याही पुस्तकावर साहेबांची सही झाली. पेन्सिल तेव्हा ठळक दिसत होती, त्यामुळे दाजीलाही काही वाटलं नाही. तीस-पस्तीस वर्षांत ती घासून गेली.

मी अर्ज लिहिला. सुरेख लिहिला. 'नोंद राहण्याचे कारण' या रकान्यात टाकलं, 'माहीत नाही.'

दीड महिन्यानं अर्ज परत आला. दाजी स्वतः घेऊन आला, किती दिवसांनी घराबाहेर पडला होता कोण जाणे. दाढी वाढलेली. जुनं युनिट मोडल्यामुळे फायली उरल्या नव्हत्या, म्हणून वरच्या ऑफिसानं कळवलं होतं: 'त्या वेळचा लेखनिक हयात असल्यास नोंद का राहिली याबद्दल त्याचे सहीचे निवेदन जोडावे.'

"हयात आहेस ना रे बाबू?" दाजी म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो हसला. ते दात दिसले.

काय झालं कोणास ठाऊक, मी म्हणून गेलो, "दाजी, ती चूक नव्हती. पत्र आलं होतं. मी मुद्दाम शाई केली नाही."

त्यानं आधी टेबलाच्या काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मुद्दाम का?"

"आईनं तुमचा फोटो मागितला होता."

एवढंच कारण होतं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते किती टीचभर आहे ते मलाच कळलं. त्यानं टोपी डोक्यावर घातली. मग उठला. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "निवेदनात चूक झाली एवढंच लिही. मुद्दाम लिहिलंस तर ते तुझ्या बहिणीला वाचावं लागेल."

मी लिहिलं. 'माझ्या चुकीमुळे नोंद राहिली.' खाली सही केली, माझा लष्करी नंबर घातला. मग काचेखालची झेरॉक्स काढली. तिच्या जागी चौकोनी डाग राहिला.

त्यानंतर तीन महिने तो माझ्याकडे फिरकला नाही. ताई यायची, पण एकटी. आमचा नळ गळायला लागला तेव्हा बायको म्हणाली, "दाजींना सांगा." मी प्लंबर आणला. त्यानं दोनदा येऊनही नळ गळायचा थांबला नाही.

एका सकाळी दाजी आला. दाढी केलेली, शर्टावर पदक. बसला नाही. पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं, बरोबर त्या चौकोनी डागावर. रकान्यात निळ्या शाईनं पदकाची नोंद होती, आणि खाली लाल शाईत बारीक अक्षरात: 'मूळ नोंद लेखनिकाच्या चुकीमुळे राहिली होती.' पुढे माझा नंबर. जन्मभर ज्या रकान्यासाठी जळलो त्यात माझा नंबर शेवटी लागला, तो असा.

मी मान वर केली नाही. वाटलं, आता हा बोलेल, आणि त्याला हक्क आहे.

दाजीनं त्या निळ्या ओळीवर बोट ठेवलं. "कसलं गचाळ लिहिलंय बघ. ओळसुद्धा सरळ नाही." मग हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या हातची असती तर बरं झालं असतं रे."

तो पक्कड घेऊन नळाकडे गेला. मी ती वाकडी ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. ती लिहिणारा कारकून कोण कुठला, मी त्याला कधी पाहिलंही नाही. पण आयुष्यात इतका हेवा मला दाजीचासुद्धा वाटला नव्हता.