कोणत्याही कारणास्तव गोड देऊ नये

आमच्या नऊ वर्षांच्या नातीला मधुमेह असल्याचे यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर कळले, आणि पुढच्या पंधरवड्यात मी अकरा पत्रे लिहिली. शाळेला लिहिले, कारण मुलगी वर्गात सारखी पाणी मागत होती आणि कोणी आम्हाला कळवले नाही. वीज कार्यालयाला लिहिले, कारण इन्सुलिन ठेवलेला फ्रिज दुपारभर बंद पडे. एका मिठाईवाल्याला त्याच्या 'शुगर-फ्री' पाटीबद्दल जाब विचारला. न्यायालयात शिरस्तेदार म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला चूक कोणाची हे ठरल्याशिवाय चैन पडत नाही. डॉक्टरांनी सांगितले, चूक कोणाचीच नाही. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, शरीरात इन्सुलिन तयार होणेच बंद पडते. ज्यात आरोपीच नाही असा खटला मी तोवर पाहिला नव्हता.

त्याहून अनाकलनीय होते ते साखरेचे. रक्तातल्या साखरेचा आकडा चढलेला असताना गोड वर्ज्य. आकडा फार उतरला तर तेच गोड औषध, आणि तेही तत्काळ. त्यासाठी ग्लुकोजच्या पुड्या जवळ बाळगायच्या. मी डॉक्टरांना दोनदा विचारले, "म्हणजे द्यायचे की द्यायचे नाही?"

"बघून," त्या म्हणाल्या.

'बघून' या शब्दावर कोणताही हुकूम उभा राहत नाही. म्हणून मी माझ्यापुरता निकाल लावला.

राजवाड्यामागच्या आमच्या बोळात बारा घरे आहेत आणि बाराही घरांतून मुलांच्या हातावर सतत काहीतरी ठेवले जाते: सक्करै पोंगल, पायसम, नन्नारीचे सरबत, देवळातले पंचामृत. शेजारी सगळे तमिळ, म्हणून मी तमिळमध्ये एक सूचना टंकलिखित करून घेतली. चार कलमे होती. शेवटचे असे: सदर मुलीस कोणत्याही कारणास्तव, प्रसाद म्हणूनही, गोड पदार्थ देऊ नये, दिल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी देणाऱ्यावर राहील. घरोघरी जाऊन मी ती दिली आणि वहीत पोच घेतली.

माझी मुलगी, म्हणजे नातीची आई, ती वही पाहून थक्क झाली. "अप्पा, सह्या घेतल्यात? शेजाऱ्यांवर दावा लावणार आहात?"

"लावण्याची वेळ येऊ नये म्हणूनच घेतल्यात."

"त्यात अपवाद कुठे आहे?"

"अपवाद घातला की लोक अपवादच तेवढा वाचतात," मी म्हणालो. या वाक्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता.

त्यानंतरच्या शनिवारी नातीने जेवणापूर्वी इंजेक्शन घेतले, पूर्ण जेवणाच्या हिशेबाने. आणि उकाड्याने भात निम्मा टाकला. मला ते दिसले. मी वीज कार्यालयाच्या दुसऱ्या स्मरणपत्रात गुंतलो होतो. चारच्या सुमारास ती समोरच्या मामींच्या ओट्यावर दोरीवरच्या उड्या मारायला गेली. पुड्या शाळेच्या दप्तरात होत्या, आणि सुट्टी असल्यामुळे दप्तर खुंटीला.

थोड्या वेळाने मामी स्वतःच्या दारातून ओरडल्या, "सार! तुमची कुट्टी साखर मागते आहे! देऊ का?"

"नाही!" मी खुर्चीतूनच ओरडलो. "सूचना वाचली नाहीत?"

"वाचली, सार. सहीसुद्धा केली. पण हिचे हात कापताहेत!"

मी उभा राहिलो. इतके आठवते, की मी मनात कलमे पाहत होतो, आणि चारही कलमांत कापणाऱ्या हातांविषयी एक अक्षर नव्हते. तेवढ्यात माझी मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली, मला बाजूला सारून बोळ ओलांडून गेली आणि मामींच्या हातातल्या डब्यातून साखर घेऊन पाण्यात कालवू लागली. मी मागोमाग गेलो तेव्हा नात घामाने भिजली होती आणि मला भलत्याच नावाने हाक मारत होती. तिने पेला दोन्ही हातांनी धरून संपवला. पंधरा मिनिटांनी बोटातून रक्त घेऊन यंत्रावर पाहिले, आकडा वर आला होता. कोणीही माझ्याकडे पाहत नव्हते.

"मी मामींना सांगितलं होतं," नात म्हणाली. "त्या म्हणाल्या, आजोबांच्या कागदात नाही."

मामी रडवेल्या झाल्या होत्या. "डबा हातात होता, सार. कागदाची भीती वाटली."

दुसऱ्या दिवशी मी सूचना परत घ्यायला निघालो. पहिले घर मामींचे. कागद त्यांनी फ्रिजवर चिकटवला होता. तो काढून देताना त्यांनी विचारले, "मग आता देऊ की नको? एकदा नक्की सांगा."

मी बोळाकडे तोंड करून नातीला हाक मारली. ती आली आणि तमिळमध्ये सांगू लागली: हात कापले, घाम आला, मी वेड्यासारखी बोलले, तर आधी साखर आणि मग अम्माला हाक, शुद्धीवर नसले तर तोंडात काही घालायचे नाही, लगेच दवाखाना, एरवी काही द्यायचे तर अम्माला विचारून. मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहून घेत होतो.

"थांब," मी म्हणालो. "एरवी म्हणजे केव्हा?"

"लिहा तुम्ही आधी," ती म्हणाली. "समजेल नंतर."

मी लिहिले. बारा प्रती हातानेच काढल्या. 'एरवी' हा शब्द प्रत्येकीत आहे, आणि त्याची व्याख्या मला अजून करता आलेली नाही.