शिडावरचं काळं ठिगळ

मला बघितलं की तांडेल दोरा दातानं तोडायचा, बाजूला थुंकायचा आणि म्हणायचा, "तोंड मीट. वारा फुकट जातोय."

वर्षानुवर्षं एवढंच. तुमच्या आळीतही असा एखादा असेल, तुमचा चेहरा दिसला की त्याचा दिवस नासतो. माझ्या बाबतीत त्याची चूक नव्हती म्हणा. माझी बायकोही त्याच मताची होती.

म्हातारा जुन्या काळी मचव्यावर तांडेल होता, सगळ्या खलाशांच्या वरचा. गुडघे गेल्यावर मांडवीच्या वाळूत बसून शिडं शिवायचा. मी मासळीच्या पाट्या वाहायचो आणि शिमग्यात पालखीपुढं नाचणाऱ्या संकासुराचं सोंग घ्यायचो. अंगभर काळा झगा, डोक्यावर उंच काळी टोपी, पांढरी दाढी. मला अक्षर येत नाही एक, पण त्या झग्यात शिरलो की मामलेदाराचीही टिंगल करायचो आणि लोक हसायचे. झग्याबाहेर मला कोणी बसायला पाट देत नसे.

मिठाची चळवळ झाली त्या वर्षी दिवाळीनंतर तुफान आलं. एका दिवसात मचवे फुटले, माड आडवे झाले, आमच्या घरांवरची झापं उडून गेली. साहेब घोड्यावरून बघून गेला, उतरला नाही. धड मचवा एकच उरला, तोही शिडावाचून. जाड कापड मुंबईच्या बोटीनं यायचं आणि बोटीचा पत्ता नव्हता. मग तांडेलनं घरोघरची फाटकी शिडं मागून घेतली आणि आठ दिवस बसून त्यांतून एक जोडलं. आमच्या आळीतल्या बारा घरांचं पोट त्या एका शिडावर होतं.

सकाळी ते डोलकाठीवर चढवायचं होतं, आणि आदल्या संध्याकाळी त्याच वाळूत विलायती कापडाची होळी. मी प्रभातफेरीत सगळ्यांच्या पुढं असायचो. त्यांना मोठ्यानं ओरडणारा माणूस हवा होता आणि मला येत होतं तेवढंच. देवरूखकडनं आलेला एक कार्यकर्ता चारचौघांत मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही काय देणार?"

माझ्याकडं विलायती कापड एकच, तो झगा. त्याला जाळायला जीव होईना. लोक बघत होते. बाजूला गुंडाळलेलं शीड दिसलं. ते उचललं, "हेपण विलायती" म्हणून ओरडलो आणि दिलं आगीत टाकून.

टाळ्या पडल्या. झग्याबाहेर मिळालेल्या माझ्या पहिल्या टाळ्या.

तांडेल वाळूतून रांगत आला. बायकांनी वल्ह्यांनी शीड बाहेर ओढलं, वाळू टाकून विझवलं. मधोमध माणूस उभा मावेल एवढं भोक पडलं होतं.

मला वाटलं, आता मारतोय. त्यानं नुसतं विचारलं, "तुझं सोंग कुठल्या गिरणीचं रे?"

टाळ्या वाजवणारे माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "ते देवाच्या कामाचं आहे, तांडेल."

"आण."

"शिमगा आहे पुढं."

"माणसं जगली तर शिमगा. आण, मेल्या."

आणला. भोकावर तो ठिगळासारखा शिवताना दोन दिवस कापडाची कड ताणून धरायला मलाच बसवलं. टाक्यागणिक शिवी. माझ्यापासून सुरू करून पणज्यापर्यंत पोचला. तो कसं शिवतोय ते बघायला जरा वाकलो की दाभण माझ्या नाकासमोर.

मचवा गेला आणि बांगड्यानं भरून आला. बारा घरी वाटे पोचले. माझ्या दारातही एक आला, मांजराला टाकतात तसा.

पुढं चळवळवाल्यांना माझी दया आली. त्यांनी खादीचा झगा शिवून दिला. पांढरा. त्या शिमग्यात पालखीपुढं उभा राहिलो तर लोकांना वाटलं, पुढारी आलाय. भाषणाची वाट बघत सगळे खाली बसले. कोणी हसलं नाही. मागून तांडेलचा आवाज तेवढा आला, "तोंड मीट."

दोन वर्षांनी तो पूर्णगडला लेकीकडं राहायला गेला. होडीत चढताना मी खांदा पुढं केला. त्यानं खलाशाचा धरला. तिकडंच वारला.

पुढच्या वर्षी मचव्याला नवं शीड आलं. जुनं सोडताना खलाशांनी ते काळं ठिगळ माझ्यापुढं टाकलं, तुझं तू उसव म्हणाले. उसवायला तीन दिवस गेले, इतके बारीक टाके. आत बघतो तर बाह्या दुमडलेल्या, टोपीच्या चार घड्या केलेल्या. म्हाताऱ्यानं कात्री कुठंच लावली नव्हती. झगा अख्खा होता.

शिमग्याला घातला. दर्याच्या मिठानं कडक झालेला, अंगभर चावत होता. पालखीपुढं मी खाजवत नाचलो आणि माणसं पोट धरून हसली.

त्या वर्षी संकासूर एक शब्द बोलला नाही.