जवाईबापूंचा कूलर

अकोल्यातल्या माझ्या घराला मी भाडेकरू शोधला आणि जवाई पदरात पाडून घेतला. माझ्या मुलीचा नव्हे, गावचा. मी मूळचा दर्यापूरचा, त्याची बायकोही दर्यापूरची. आमच्याकडे गावच्या लेकीचा नवरा म्हणजे अख्ख्या गावचा जवाई. पहिल्याच दिवशी मी "या जवाईबापू" म्हणालो आणि माझी घरमालकी तिथंच संपली. अशी अक्कल माझ्याशिवाय कोणाला सुचणार!

उन्हाळ्यात त्यानं मागच्या खिडकीला कूलर बसवला. त्याला बोअरचं पाणी जोडलं. पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट मोडका, त्यामुळे टाकी भरून पाणी सरळ भिंतीच्या पायथ्याशी. आमची जमीन काळी. पाणी प्यायली की फुगते, सुकली की फाटते, आणि वरच्या घराला सोबत घेऊन जाते. अमरावतीहून मी घर बघायला गेलो तेव्हा मागच्या भिंतीला खालपासून खिडकीपर्यंत तडा गेला होता. आयुष्यभराच्या नोकरीतून उभं राहिलेलं ते एकच घर.

माझं डोकं फिरलं. पण जवायाला बोलायचं कसं? मी म्हणालो, "जवाईबापू, पाणी जरा जास्तच..."

"हो ना!" तो खूश होऊन म्हणाला. "तुमच्या बोअरले लय पानी आहे!"

मी चहा पिऊन परत आलो.

पुढच्या खेपेला भांडायचंच ठरवून निघालो, तर नेमका धोंड्याचा महिना. बायको म्हणाली, "जवायाच्या घरी रिकाम्या हातानं जाता काय?" म्हणजे माझं घर फोडणाऱ्या माणसाला मी टॉवेल-टोपी आणि अनारसे देऊन आलो. त्यानं अनारसे तिथंच खाल्ले. कूलरच्या गार हवेत. तडा तोवर खिडकीच्या वर गेला होता. बसमध्ये मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेजारचा उठून मागे जाऊन बसला.

मग आठवलं, जवायाला नाही, पण गावच्या लेकीला तर रागावता येतं. तिसऱ्यांदा गेलो आणि दारातच तिच्यावर ओरडलो, "काहून वं बाई, माहं घर पाडता काय तुमी?"

ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "मले काय म्हनता दादा? मी रोज भांडून राहिली! हे म्हनतात, मालक सोता पाहून गेला, अनारसे देऊन गेला, तुह्याच पोटात काहून दुखते? त्या भिंतीखाली माहं लेकरू निजते!"

मी आत पाहिलं. तड्याखालीच पाळणा होता.

दोन्ही खेपांना तो तिथंच असणार. मी फक्त भिंत पाहिली होती. माझी भिंत.

मी सरळ जाऊन कूलरचा प्लग उपटला.

जवाईबापू बनियनवर बाहेर आले. "हे काय मालक? जवायासंग असं वागतात काय?"

"जवाई गेला खड्ड्यात. घरमालक बोलून राहिला. पाळना आत्ताच समोरच्या खोलीत घ्या. पानी नालीत सोडाले नळी लावा, फ्लोट बदला. तोवर हा कूलर सुरू होनार नाई."

"अन् इतक्या उन्हात आमी मरावं?"

"पाळना उचला आधी," त्याची बायको म्हणाली.

त्यानं उचलला. एक बाजू मी धरली, कारण एकट्याला तो दारातून निघत नव्हता. दोघंही घामानं निथळत होतो, आणि एकमेकांकडं बघत नव्हतो.